उंबऱ्यावरचा उखाणा

माझ्या कविता अवघड असतात. जे पटकन कळतं ते पटकन विसरलं जातं, असं मी कितीतरी कार्यक्रमांत ठासून सांगितलंय.

बऱ्याच वर्षांपूर्वी तिसगावला चुलतबहिणीचं लग्न झालं, तेव्हा मी तिची पाठराखीण होते. सासरच्या दारात नणंदांनी तिला अडवलं. नाव घेतल्याशिवाय आत सोडेनात. तिला काही सुचेना, म्हणून मी तिच्या कानात कुजबुजले, "ज्वारीच्या ताटाला कणसाचा भार, अमुकरावांचं नाव घेते, सोडा आता दार." जेवायला बसेपर्यंत मी ते विसरूनही गेले.

परवा अकोले तालुक्यातल्या एका डोंगराळ गावी लग्नाला गेले होते. दारात अडवलेली नवरी म्हणाली, "भाताच्या लोंबीला दाण्यांचा भार..." पुढची ओळ तीच. मी शेजारच्या बाईंना म्हटलं, "हा उखाणा माझा आहे."

त्या हसल्या. "तुमचा कसा, ताई? आमच्या समद्या सुनांनी ह्योच घेतलाय. लई जुना हाय."

परतीच्या एसटीत जीव थाऱ्यावर नव्हता. मला न विचारता ज्वारीचा भात करणारी ही कोण? आणि चीड याची जास्त, की त्या डोंगरात भातच शोभत होता.

घरी येताच कपाटातून माझा संग्रह काढला. त्यातला एक स्वल्पविरामसुद्धा मी संपादकाला हलवू दिला नव्हता. उभ्याउभ्याच पानं उलटत राहिले. शब्द न शब्द जागच्या जागी होता. कुणीही हात लावलेला नव्हता.