फोटोतली पाठ

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत मी जुन्या मशीन घेतो आणि विकतो. लेथ चालू करून तिच्या बेअरिंगवर तळहात ठेवल्याशिवाय आजवर एकही सौदा केलेला नाही. समोरचा फोनवर कितीही झकास फोटो दाखवो, मी म्हणतो, मशीन दाखव. त्या डॉक्टरवरचा माझा राग म्हणूनच जात नाही.

उजव्या खांद्याखाली चरबीची गाठ होती. अंधेरीतल्या क्लिनिकमध्ये जागा बधिर करून ती काढली, टाके घातले आणि जेवायच्या वेळेला मी घरी. हा डॉक्टर अंधेरीत आठवड्यातून एकदाच येतो. बाकीचे दिवस घाटकोपर, मुलुंड, बोरिवली. मग टाके कोण बघणार, असं मी विचारलं. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, पट्टी बदलताना फोटो पाठवा, सर बघतात.

पट्टी बायको बदलायची. फोटोही तीच काढायची, आमच्या मुलीने दिलेल्या नव्या फोनवर. एका सकाळी ती म्हणाली, "अहो, लाल झालंय. हात ठेवला तर गरम लागतंय."

फोटो गेला. उत्तरात अंगठा आला. ठणका वाढला, उजवा हात वर जाईना. पुन्हा फोटो. उत्तर आलं, छान भरतंय. मी क्लिनिकला फोन करून सांगितलं की थंडी वाजून ताप येतोय, पट्टी ओली होतेय, कोणीतरी बघा. तर ती मुलगी म्हणते, सरांनी फोटो बघितलाय, ठरल्या दिवशीच या. मी तिला काय सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बायकोला घेतलं, रिक्षा केली आणि तडक मुलुंड गाठलं, त्या दिवशी तो तिथे बसायचा. तिथे सांगण्यात आलं की तुम्ही अंधेरीचे पेशंट. मी बाकड्यांच्या मधोमध शर्ट काढून पाठ करून उभा राहिलो. शेजारच्या बाईंनी नाकाला पदर लावला. तेव्हा कुठे डॉक्टर बाहेर आला.

आत नेऊन त्याने पट्टी काढली आणि स्वतःचा फोन उघडला. मग म्हणाला, "पण फोटोत असं काहीच नव्हतं हो." फोन माझ्यापुढे धरला. आयुष्यभर लोखंड उचललेली माझी पाठ त्यात नवरदेवासारखी गोरी आणि गुळगुळीत होती. जन्मापासूनचा तीळसुद्धा गायब. बायकोच्या लगेच लक्षात आलं. तो फोन आपणहून सगळ्यांची कातडी उजळ करतो. हळदीकुंकवाच्या फोटोंत तिला ते आवडायचंही.

"ताई, ते बंद करायचं ना," डॉक्टर तिला म्हणाला.

माझं डोकं फिरलं ते इथे. मी म्हटलं, "तिने डोळ्यांनी बघून लाल सांगितलं, हात लावून गरम सांगितलं. मी ताप सांगितला. तुम्ही काय बघितलंत?"

त्याने दोन टाके उघडले, पू काढला, आत गॉज भरला, गोळ्या बदलल्या. उशीर केला असता तर आत पसरलं असतं, हेही वर मलाच सांगितलं. आता रोज पट्टी करावी लागेल, अंधेरीत माझा असिस्टंट करेल, म्हणाला.

मी टेबलावर पालथाच होतो. म्हटलं, असिस्टंट नको, रोज तुम्हीच बघायचं. तो एक दिवसाआडवर आला. मी हललो नाही. बाहेर पेशंट खोळंबले होते, आणि टेबल त्याच्याकडे एकच होतं. शेवटी तो कबूल झाला. त्यानंतर जखम भरेपर्यंत मी त्याच्या मागे घाटकोपरला गेलो, बोरिवलीला गेलो, पुन्हा मुलुंडला गेलो. माझं गिऱ्हाईक जुन्या मशीनसाठी एवढं फिरत नाही.

शेवटच्या दिवशी तो म्हणाला, "आता काही शंका आली तर फोटो पाठवा."

मी बटणं लावत होतो. ती परत सोडली, शर्ट काढला आणि टेबलावर पालथा पडलो.

"शंका आत्ताच आहे," म्हटलं. "हात लावून बघा."