निळे हात

मी डूख धरते. परकरात होते तेव्हाही धरायचे, आता नातवंडं झाली तरी धरते. चित्रात मन उतरतं म्हणतात ना, माझ्या चित्रांत हा डूखच उतरला.

बाबा अंबरनाथ एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत होते. कापड रंगवायची निळी पूड त्यांच्या नखांत, तळव्याच्या रेघांत शिरलेली. रॉकेलने घासली तरी जायची नाही. आठवीत 'माझे बाबा' काढायला सांगितलं, तेव्हा मी हात निळे रंगवले. दुसऱ्या कुठल्या रंगाचे काढणार?

चित्रकलेच्या सरांनी कागद सगळ्या वर्गाला दाखवला. "माणसाचे हात निळे असतात का गं? तुम्हा लोकांना निळ्याशिवाय काही सुचतच नाही!" आमच्या घरावर निळा झेंडा, म्हणून हा शोध. पोरं फिदीफिदी हसली. सरांनी कागद टराटरा फाडला. माझी तळपायाची आग मस्तकात गेली, पण रडले नाही. मनात म्हटलं, थांब मेल्या, आता तुझंच चित्र काढते.

काढलं. वर्षानुवर्षं काढत राहिले. आधी नुसती शिंगं नि सुळे. चित्रं कसली, शिव्याच त्या. नोकरी लागल्यावर कॅनव्हास आणला, तेव्हा कुठे शिंगं गळाली. उरले ते आवळलेले ओठ, बारीक डोळे, आणि पुढे आलेला, फाडायला उठलेला हात. अख्ख्या चित्रात तोच मोठा.

नव्वद सालानंतर उल्हासनगरात एका हॉलमध्ये आम्हा हौशी चित्रकारांचं प्रदर्शन लागलं. सरांना मी मुद्दाम बोलावणं धाडलं. चारचौघांत त्यांचं तोंड पडलेलं मला बघायचं होतं, बास.

आले, बायकोला घेऊन. चित्रापुढे उभं राहून मान डोलावली. "वा! कोण गं हा? भारीच खुनशी दिसतो."

झालं! स्वतःला ओळखलंच नाही. माझी इतक्या वर्षांची मेहनत मातीत गेली.

बाई मात्र पुढे सरकल्या. आधी त्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"अहो, हे तुम्हीच," त्या म्हणाल्या. "हात अगदी बरोबर आलाय. घरात असाच उठतो."

आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. सरांचं तोंड पडलं, हवं तस्संच पडलं, आणि मला इतकं गोड वाटलं म्हणून सांगू! लाज नाही वाटली, आजही वाटत नाही.

"चल, निघू," सर खेकसले.

"तुम्ही व्हा पुढे," बाई चित्रावरची नजर न काढता म्हणाल्या. "मला अजून बघायचंय."