गोणी ओत

बटाट्याच्या गोणीच्या तोंडाशी नेहमी चांगला माल असतो. मोठा, गोल, माती पुसलेला. खाली काय आहे ते भरणाऱ्यालाच ठाऊक. पुण्याच्या मार्केट यार्डात मी हमाल म्हणून आलो आणि पुढे स्वतःचा गाळा घेतला, तो एका सवयीच्या जोरावर. समोरचा कितीही गोड बोलो, मी म्हणायचो, गोणी ओत. यावरून माझी भांडणं झाली, दोनदा कॉलरीही धरल्या गेल्या. लोक मला संशयी म्हणतात. म्हणोत.

धाकट्या भावाच्या बाबतीत मात्र मला कधी संशय आला नाही. वडील लवकर गेले, त्याला मीच वाढवलं, कॉम्प्युटर इंजिनिअर केलं. खराडीच्या कंपनीत त्याला नोकरी लागली तेव्हा यार्डात पेढे मी वाटले. आणि हाच भाऊ पुढे मला ऐकवू लागला की गाळा बँकेच्या कर्जावर उभा आहे, व्याज हराम, म्हणून तुझी कमाई हराम. त्या कमाईवर मिळालेली डिग्री तेवढी हलाल.

मग त्याने माझ्या सलामला जवाब देणं सोडलं. आमच्यात आधी सलाम करणं हे पुण्य, पण जवाब देणं बंधनकारक. भांडण झालेल्या माणसालाही तो देतात. रोज सकाळी मी सलाम करायचो आणि तो मोबाइलमध्ये मान घालून बसायचा. जवाब न देणं म्हणजे मला मुसलमानच न मानणं. हे मला फार लागलं, अजूनही लागतं.

मोबाइलमध्ये तो काय बघत होता, ते पोलिसांनी त्याला उचलल्यावर कळलं. परदेशात लढायला पोरं गोळा करणाऱ्या कुणाशी तो बोलत होता, तिकडे जायची वाट विचारत होता. काही दिवस त्याला ठेवून घेतलं. साहेब मला म्हणाले, "अजून त्याने काही केलेलं नाही. करू नये, एवढंच बघायचंय." गुन्हा दाखल केला नाही. ठरल्या दिवशी हजेरी द्यायची आणि एका मौलानांसोबत बसायचं, या अटीवर सोडला. नाही ऐकलं तर पुढची वाट तुरुंगाची किंवा कबरीची, हे साहेबांनी न बोलताही मला समजलं.

मौलाना कॅम्पात राहायचे. मी आधी एकटाच जाऊन भेटलो आणि सवयीने विचारलं, किती बैठकांत ताळ्यावर येईल?

ते म्हणाले, "अहो, मी गॅरंटी देत नाही आणि फी घेत नाही. मग तुम्ही भाव कशाचा करणार?"

फुकटच्या मालावर माझा विश्वास नाही. म्हणून बैठका माझ्याच घरी ठेवायला लावल्या आणि दारात खुर्ची टाकून मी पहारा देऊ लागलो. बोलणं चालायचं आमच्या दखनी उर्दूत, इथे मराठीत लिहितोय.

सुरुवातीला भाऊच बोलायचा आणि मौलाना ऐकायचे. मला वाटलं, यांना काही येत नाही. एके दिवशी भावाने मोबाइल पुढे धरून कुराणातली एक आयत वाचली, जिथे सापडतील तिथे त्यांना मारा अशा अर्थाची. वर म्हणाला, "आता बोला. हा अल्लाहचा हुकूम नाही?"

माझं डोकं फिरलं. दारातूनच ओरडलो, "एवढीशी ओळ काय दाखवतोस? गोणी ओत ना!"

भाऊ दचकला. लहानपणी शाळा सुटली की तो गाळ्यावर यायचा, हा शब्द ऐकतच वाढला होता. मौलाना आधी हसले, मग त्यांनी मला खुर्ची आत आणायला सांगितली. भावाला म्हणाले, "भाई बरोबर बोलतायत. आधीची ओळ वाच. मग पुढची."

आधीच्या ओळीत होतं, जे तुमच्याशी लढतात त्यांच्याशीच लढा आणि हद्द ओलांडू नका. पुढे होतं, ते थांबले तर अल्लाह माफ करणारा आहे. मग मौलानांनी पैगंबरांची गोष्ट सांगितली. बाजारातल्या धान्याच्या ढिगात त्यांनी हात घातला, तर वर कोरडं आणि आत ओलं. जो फसवतो तो आमच्यातला नाही, असं ते त्या व्यापाऱ्याला म्हणाले. "तुलाही कुणीतरी तोंडचा माल दाखवलाय," मौलाना म्हणाले. "आणि तू तर यार्डातला."

 पुढच्या बैठकीत भावाने मोबाइल बाहेर ठेवला आणि वेगळंच काढलं. वाघोलीत त्याने एक फ्लॅट पसंत केला होता. नाव सांगेपर्यंत तो रिकामा होता, नाव सांगितल्यावर विकला गेलेला निघाला. तिथून हे सगळं सुरू झालं.

मी उसळलो. "मला सांगायचंस! बिल्डरचं ऑफिस डोक्यावर घेतलं असतं."

"म्हणूनच नाही सांगितलं."

मौलाना त्याला म्हणाले, "हा राग तुझा हक्काचा आहे, तो सोड असं मी म्हणणार नाही. कोर्ट आहे, वकील आहेत, भांडायला हा भाऊ आहे. पण हा राग कुठे खर्चायचा, ते त्या मोबाइलवाल्याला का ठरवू देतोस?"

एका दिवसात काही बदललं नाही. कंपनीने त्याला परत घेतलं नाही आणि तो राग मी अजून बाळगून आहे. हळूहळू तो गाळेवाल्यांना बिलाचे प्रोग्रॅम बनवून देऊ लागला. जेवायला सगळ्यांसोबत बसू लागला. सलाम मात्र नाही.

मग एका सकाळी लिलाव आटोपून मी चहा घेत होतो, तर तो गाळ्यासमोर येऊन उभा राहिला. "अस्सलामु अलैकुम, भाई." जवाब द्यायचा तो मी दिलाच, पण सौदा सोडला नाही.

"एकाने भागणार नाही. बरीच थकबाकी आहे."

"हप्त्याने फेडतो," तो म्हणाला. "पण व्याज मिळणार नाही."

मी हमालाला आणखी एक चहा सांगायला लावला.