कबरीपाशी पप्पांनी मागितलेली माफी

मित्रांनो, आज दुपारी धुळ्यात आईला माती दिली. घरी आल्यावर राहवेना, म्हणून लिहितेय.

माझे पप्पा निवृत्त पाळक. नम्रतेवर त्यांनी आयुष्यभर उपदेश केले. पण दादाने त्यांना न विचारता लग्न केलं, तेव्हा म्हणाले, "आधी माफी माग, मगच घरात पाय ठेव." दादा वहिनीला घेऊन रावेरला गेला. बापलेक दोघेही अडून बसले. आई दर नाताळला दोघांनाही विनवायची.

आज कबरीपाशी पप्पा प्रार्थना करणार होते. त्यांनी बायबल उघडलं, पुन्हा मिटलं आणि सगळ्यांच्या मागे उभ्या असलेल्या दादा-वहिनीसमोर जाऊन हात जोडले आणि घरच्या अहिराणीत आपली चूक कबूल केली.

"पोरंहो, मनं चुकनं. तुमनी माय सांगी सांगी थकनी, पन मी आयकं नही."

वहिनी रडत म्हणाली, "पप्पा, आम्हीही यायला हवं होतं."

पप्पांनी बायबल दादाच्या हातात दिलं. प्रार्थना दादाने केली.

प्रभू पप्पांना क्षमा करील, हा माझा विश्वास आहे. पण हे पाहायला आई नव्हती, ते कसं सोसायचं? तुमच्या घरात असा अबोला असेल, तर पहिला शब्द तुम्ही बोलाल का?