दाजींनी रंगवलेली गिटार

आमच्या दाजींच्या हाताखालून गेलेल्या लोखंडाला या जन्मी गंज चढणार नाही, हे मी सहीशिक्क्यानिशी लिहून द्यायला तयार आहे, आणि खालापूरच्या कार्यालयात कारकून असल्यामुळे असलं काही मी सहसा लिहून देत नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. उभी नोकरी त्यांनी माथेरानच्या एका हॉटेलात देखभालीच्या कामावर काढली आणि निवृत्त होऊन भिसेगावच्या घरी येऊन बसले. ‘बसले’ हे आपलं म्हणायची पद्धत म्हणून. माथेरानात मोटार जात नाही. एक स्क्रू कमी पडला तरी तो घोड्याच्या पाठीवरून वर येईपर्यंत काम अडतं, त्यामुळे तिथला कारागीर काही फेकत नाही आणि होता होईतो काही विकत आणत नाही. पाऊस तर असा, की मे महिन्यात उघडं राहिलेलं लोखंड दिवाळीला भुगा होऊन हातात येतं. म्हणून मे लागला की दिसेल त्या लोखंडाला रंग. ही सवय दाजींनी निरोपाच्या शालीसोबत खाली आणली.

त्यांच्या सायकलची घंटी रंगाचे इतके हात खाऊन बसली आहे, की ती ‘टिण’ न म्हणता ‘ठक’ म्हणते. लोक बाजूला होतात ते दाजींना ओळखतात म्हणून. फाटकाच्या कुलपात रंग गेल्यामुळे किल्ली जात नाही, त्यामुळे फाटक बारा महिने उघडं. ताई मे महिन्यात लोखंडी तवा गव्हाच्या डब्यामागे लपवते आणि पाहुण्यांना त्याचं कारण सांगत नाही. एकदा तिने कुलपावरून तोंड सोडलं, तर दाजी शांतपणे म्हणाले, “गंजलं काय? नाय ना? मग झालं.” ताईने त्या दिवसापासून वाद घालणं सोडून दिलं.

त्यांची मुलगी प्रज्ञा नववीत असताना तिने इलेक्ट्रिक गिटार मागितली. आमच्या वस्तीत चौदा एप्रिलच्या जयंतीला गायन पार्टीचा गाण्यांचा कार्यक्रम होतो, आणि तिथे तिला एक दिवस गिटार वाजवायची होती. दाजींनी आयुष्यात गिटार हातात धरलेली नव्हती, तरी म्हणाले, “इकत कशाला आणायची? मी बनवून देतो.” मग पोरीची दहावी झाली, बारावी झाली, डिप्लोमा झाला. मैत्रिणीच्या गिटारीवर ती शिकली, पुण्यात नोकरीला लागली आणि पहिल्या पगारातून तिने काळीभोर, चकचकीत गिटार घेतली. दाजींनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि “बरी हाय” एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच्या पलंगाची सागवानी उशाकडची फळी उतरवली. प्रज्ञा म्हणाली, “पप्पा, आता कशाला?” दाजी म्हणाले, “बनवून देतो म्हटलं व्हतं ना?” जयंतीला चार महिने उरले होते, आणि त्या वर्षी गायन पार्टीत पहिल्यांदाच प्रज्ञा वाजवणार होती. कुठली गिटार घेऊन, हे घरात कुणी विचारलं नाही, पण सगळ्यांच्या मनात तेच होतं.

फळीची झाली गिटारीची कुडी, आणि जुन्या दाराच्या चौकटीचा झाला गळा. गळ्यावर आडव्या बसवायच्या धातूच्या बारीक पट्ट्या दाजींनी पहिल्यांदा बरोब्बर दोन-दोन बोटांच्या अंतरावर ठोकल्या. वरून खाली येताना ते अंतर कमी कमी होत जातं, हे मी मोबाइलवर वाचून दाखवलं, तर म्हणाले, “असं कसं? समद्यांना सारखी जागा नको?” अखेर प्रज्ञाच्या गिटारीवर कागद ठेवून माप उतरवलं आणि दुसरा गळा केला. आवाज पकडणाऱ्या चुंबकावर केसाएवढ्या तारेचे हजारो वेढे द्यायचे असतात. ते त्यांनी ताईच्या शिलाई मशीनवर, बॉबिन भरतात तसे, तोंडाने मोजत दिले. ताईने मध्येच “चहा ठेवू का?” विचारलं आणि आकडा गेला. सगळी तार उलगडून त्यांनी पुन्हा एकपासून सुरुवात केली, आणि ते संपेपर्यंत ताई घरात खुणांनी बोलत होती.

लाकडाचं पॉलिश मात्र बघत राहावं असं झालं. घासायचं, पुसायचं, हात द्यायचा, सुकवायचं, पुन्हा घासायचं, असं महिनाभर चाललं होतं. शेवटी ताईने त्यात बघून केस नीट केले. आणि अर्थातच, बसवण्याआधी एकूण एक लोखंडी भागाला काळ्या रंगाचे दोन हात. तारा अडकवायची पट्टी रंगवली, तिचे स्क्रू रंगवले. वायर खोचायची बारकी चकती तेवढी शेवटच्या दिवशी बाजारातून आली, म्हणून रंगातून सुटली.

जयंतीच्या संध्याकाळी प्रज्ञा दोन्ही गिटारी घेऊन स्टेजवर गेली आणि गळ्यात अडकवली ती दाजींची. साउंडवाल्याने बटण दाबलं, आणि अख्ख्या मांडवात पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखी घरघर भरली. “ताई, ती दुसरी घ्या,” साउंडवाला प्रज्ञाला म्हणाला. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून स्टेजच्या पायरीशी उभे असलेले दाजी खाली बघायला लागले. इतक्या वर्षांत त्यांची मान खाली गेलेली मी पाहिली नव्हती, आणि मला ते सहन होईना. प्रज्ञाने काही गिटार उतरवली नाही. तेव्हा दाजी वर चढले, एका हाताने ती चकती धरून वायर बघायला वाकले, आणि तोल सांभाळायला दुसरा हात त्यांनी तिच्या खांद्यावर, मानेजवळ ठेवला.

घरघर थांबली. हात काढला, पुन्हा सुरू. ठेवला, बंद. साउंडवाला जवळ येऊन हसायला लागला. “काका, तारांखालचं लोखंडबी रंगवलंय तुमी. अर्थिंग कुठनं मिळणार? या चकतीला हात लागतोय म्हणून तुमच्या अंगातनं मिळतंय. नखाएवढा रंग खरवडा, काम झालं. पण तारा सोडाव्या लागतील, आता टाइम नाय.”

“पप्पा, हात काढू नका,” प्रज्ञा म्हणाली.

मग तिच्या मागे एक प्लास्टिकची खुर्ची आली. एक हात चकतीवर, एक हात लेकीच्या खांद्यावर, असे दाजी सगळ्या वस्तीसमोर दोन तास बसले. गाणं संपलं की लोक टाळ्या वाजवत, आणि दाजींना हात मोकळा नसल्यामुळे ते नुसती मान हलवत. त्या सागवानाचा आवाज गोड होता, हे मी घरचा म्हणून सांगत नाही. पोर मोठी झाल्यापासून त्यांनी तिच्या खांद्यावर असा हात ठेवलेला मला आठवत नाही. आमच्याकडे बापांना ते जमत नाही.

प्रज्ञा पुण्याला परत गेली, काळी गिटार घेऊन. “ही इथंच राहू दे, जयंतीला येतेच मी,” असं म्हणून गेली. दाजींची गिटार बाहेरच्या खोलीत खिळ्याला टांगलेली असते, आणि ते रोज ती फडक्याने पुसतात. मागच्या रविवारी मी गेलो, तेव्हा ते खिडकीच्या गजांना रंग देत होते. ज्या माणसाने हातात घेतलेलं काम कधी अर्धवट ठेवलं नाही, त्याला मी विचारलं, “दाजी, तेवढा रंग खरवडलात का?”

त्यांनी गजावरून ब्रश उचलला नाही. “करू रं. घाई काय हाय? ती यायला अजून वरीस हाय.”

तो रंग खरवडायला मी खालापुरातून मुद्दाम पॉलिश पेपर घेऊन गेलो होतो. तो खिशातच राहू दिला.