गैरहजर, फरारी

१७ मे १९५२. नऊ माणसे.

त्या सकाळी जुन्या कोर्टाच्या तळघरातल्या बिनखिडकीच्या कोठडीत नऊ कच्चे कैदी कोंडले गेले. हवालदार किल्ली घेऊन बाहेर गेला, तो संध्याकाळीच उगवला. दार बडवल्याचा आवाज वर ऐकू येत होता; कामात व्यत्यय नको म्हणून न्यायाधीशांनी जिन्याचे दार लावायला सांगितले. आवाज थांबल्यावर खटला निघाला. शिपायाने रिवाजाप्रमाणे दारात उभे राहून प्रत्येक नाव तीनदा पुकारले. कोणी आले नाही. न्यायाधीशांनी नऊही नावांपुढे ‘गैरहजर, फरारी’ असे लिहिले, पकड वॉरंट काढले आणि ते जेवायला गेले. संध्याकाळी कोठडीतून नऊ गुदमरलेली प्रेते निघाली. नोंद मात्र तशीच राहिली. सही झालेला कागद मेलेल्यांसाठी बदलावा, इतकी त्या इमारतीची ऐपत नव्हती.

त्यांपैकी एकाची नात पुढे याच कोर्टात रेकॉर्ड खोलीची कारकून झाली. तिच्या आईने जन्मभर ‘पळपुट्याची पोर’ हे नाव सोसले. कोर्टच फरारी म्हणते म्हणजे पळतानाच मेला असणार, असा गल्लीचा निवाडा होता. म्हातारी आता अंथरुणाला खिळली होती. डोळे मिटण्याआधी तो शब्द खोडलेला पाहावा, एवढेच तिचे मागणे. लेकीने तीन अर्ज केले. तिन्हींना उत्तर एकच: दुरुस्तीसाठी संबंधित इसमाने जातीने हजर राहावे.

दरम्यान त्या इमारतीला भुते सापडली होती. दर शनिवारी दुपारी पडदे ओढून, तिकीट लावून, भुतांच्या प्रयोगात सुशिक्षित माणसांना तिथे घाबरवले जाई. कोर्टाचाच शिपाई ती नऊ नावे घोगऱ्या आवाजात पुकारी आणि लोक सुखाने शहारत. माणसांचे दार बडवणे भुतांच्या नावावर चढवले, की कोणी जाब विचारत नाही.

एका शनिवारी या कारकून बाई त्या गर्दीत उभ्या राहिल्या. आजोबांचे नाव तिसऱ्यांदा पुकारले गेले, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, “हजर. त्यांची नात. लिहून घ्या.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. या प्रयोगाला परवानगी देणारे कोर्टाचे प्रबंधकसाहेब तर खूशच झाले. “बाई, रंगत आणलीत. दर शनिवारी येत चला की.”

बाईंनी चौथा अर्ज पुढे केला. “साहेब, जातीने हजर राहा म्हणालात. खोली कोर्टाची, शिपाई कोर्टाचा, पुकाराही रीतसर झाला.”

“अहो, हे खेळातलं कोर्ट.”

“मग खरं कुठं भरतं ते सांगा. तिथं जाते.”

साहेबांनी अर्ज घडी करून खिशात घातला आणि शिपायाला मंडळींना तळघर दाखवायला सांगितले. खाली जाऊन मंडळींनी कोठडीचे दार हौसेने ठोठावले.

तीन आठवड्यांनी म्हातारी गेली. अर्जावर निर्णय झालेला नाही. वॉरंट रद्द झालेले नाही. त्या कोर्टाकडून नऊ घरांना एक खरे वाक्य येणे बाकी आहे.