नॉगिन आणि स्कल

दवाखान्यात तिला सगळे फोटोबाई म्हणायचे. काम एक्स-रे काढण्याचं, पण पेशंटच्या तोंडी तो फोटोच. "हसायचं नाही, नुसता श्वास धरायचा," असं ती सांगे, आणि माणूस नेमका तेव्हाच हसे. इंग्रजी तिला हाडांपुरतं यायचं: फीमर, रिब, स्कल. तेवढ्यावर तिची नोकरी निभावली आणि ती निवृत्तही झाली.

मुलगा परदेशात. नात तिथेच वाढलेली. मराठी कळायचं, बोलणं मात्र इंग्रजीतून. ती जन्मली तेव्हा फोटोबाई नवऱ्याच्या दुखण्यात अडकली होती. तो गेला, तोवर तिकडे नातीची टाळू भरूनही आली. त्या मऊ जागेवरून आपला हात एकदाही फिरला नाही, हे ती कुणाला बोलून दाखवत नसे, पण आतल्या आत ते तिला कुरतडायचं.

एकदा फोनवर नात मुसमुसत म्हणाली की तिने नॉगिन आपटलं. उभ्या जन्मात हे हाड फोटोबाईने ऐकलं नव्हतं. बापाकडे फोन द्यायला लावून तिने विचारलं, कुठे लागलं, सूज किती, फोटो काढला का.

मुलगा हसत सुटला. "अगं आई, नॉगिन म्हणजे डोकं."

"म्हणजे स्कल?"

"तसं नाही गं." तो अडखळला. "स्कल तुझ्या फिल्मवर दिसते. नॉगिन म्हणजे आपण टपली मारतो ना, कुरवाळतो, ते. लाडातलं डोकं."

किती कवट्या फोटोबाईने उजेडासमोर धरून पाहिल्या होत्या! पण हे एक डोकं तिच्या हाताला ठाऊकच नव्हतं.

"तिच्या डोक्यावर हात ठेव," ती म्हणाली. "ठेवलास? आता सांग, हाताला कसं लागतंय."

मुलाला आधी थट्टाच वाटली. मग त्याचा आवाज खाली आला. "घामेजलंय. डावीकडे टेंगूळ आहे, वाटाण्याएवढं. केस तुझ्यासारखे राठ."

"आणखी?"

"तूच ये ना आई."

हे तो दर वेळी म्हणायचा, आणि घर कुणाच्या भरवशावर टाकू, म्हणून ती दर वेळी टाळायची. या खेपेला तिने विचारलं, तिकडची थंडी कधी ओसरते.

थंडी ओसरल्यावर ती गेली. नात आधी बापाच्या पायांमागे दडली, काही केल्या जवळ येईना. फोटोबाईनेही ओढाताण केली नाही. संध्याकाळी सगळे टीव्हीसमोर बसले असताना पोर सरकत सरकत आली आणि तिच्या मांडीवर डोकं टाकून आडवी झाली. फोटोबाईच्या पायाला मुंग्या आल्या. पोरीच्या डोक्याखाली द्यायला सुनेने उशी पुढे केली, तर तिने नुसती मान हलवून ती नको म्हटली.